शिकागोला पावणेदोन तास पुरतील का?

अमळनेरच्या एका नानांचं पत्र आलंय. रिटायर्ड शिक्षक आहेत, वय ६६, काकू ६२च्या, काकूंना शुगर आणि गुडघ्याचा त्रास. लेक-जावई अमेरिकेत कोलंबसला असतात, लेकीचं बाळंतपण आहे म्हणून दिवाळी झाली की दोघं पहिल्यांदाच निघालेत. जावयाने दोन तिकिटं काढून ठेवलीत, दोन्ही मुंबई-दोहा-शिकागो-कोलंबस. पहिल्यात शिकागोला १ तास ४५ मिनिटं थांबा आहे, दुसऱ्यात ४ तास ४० मिनिटं, पण दुसरं दोघांचं मिळून २२ हजारांनी महाग. एजंट म्हणतो, "बॅगा डायरेक्ट कोलंबसला मिळतील, तुम्ही फक्त विमान बदलायचं, पावणेदोन तास रगड झाले." नानांनी लिहिलंय, "जावयाला खर्चात घालायचं जिवावर येतं. आणि चार-पाच तास परक्या ठिकाणी बसून करायचं काय? कोणतं घेऊ?"

नाना, नमस्कार. आधी उत्तर देते, मग कारण सांगते. दुसरं घ्या, ४ तास ४० मिनिटांचं. २२ हजार ही लहान रक्कम नाही हे मला कळतं, पण त्या पैशात तुम्ही काय विकत घेताय ते पूर्ण वाचलंत की जिवावर येणार नाही.

एजंटचं अर्धं वाक्य बरोबर आहे. बॅगेला मुंबईतच कोलंबसचा टॅग लागतो आणि दोहाला तुम्हाला बॅगेकडे बघायचंही काम नाही, तिथे इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) नाही, कतारचा व्हिसा नाही, फक्त हातातल्या सामानाची पुन्हा एकदा तपासणी आणि पुढच्या गेटवर जाऊन बसायचं. पण अमेरिकेचा नियम वेगळा आहे. अमेरिकेच्या ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, त्या घेऊन कस्टममधून बाहेर पडायचं, बाहेर पडल्या पडल्या पुढच्या विमानासाठी बॅगा पुन्हा जमा करायच्या आणि मग आत जाताना पुन्हा सिक्युरिटी. टॅग कोलंबसचा असला तरीही. तुमच्यासाठी ते पहिलं विमानतळ म्हणजे शिकागो. कोलंबसला तुम्ही पोचाल ते नाशिकहून नागपूरला गेल्यासारखे, तिथे कोणी पासपोर्ट बघणार नाही, सगळी परीक्षा शिकागोतच.

आता तुमच्या पावणेदोन तासांचा हिशोब मांडू, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला वजाबाकी आवडेल. पावणेदोन तास म्हणजे १०५ मिनिटं. पुढच्या विमानाचं दार सुटायच्या वेळेला बंद होत नाही, साधारण १५ मिनिटं आधीच होतं, म्हणजे उरली ९०. काकूंसाठी व्हीलचेअर घ्यायचीच आहे (त्यावर खाली लिहिते) आणि व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात, त्यात २५-३० मिनिटं सहज जातात, उरला तास. इमिग्रेशनची लाइन तुमच्या हातात नाही, तुमच्या आधी दोन मोठी विमानं उतरलेली असली तर तिथेच तासभर संपतो, आणि अजून बॅगा यायच्यात, कस्टम व्हायचंय, बॅगा जमा व्हायच्यात, टर्मिनल बदलायचंय, सिक्युरिटी व्हायचीय. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर दोहाचं विमान टर्मिनल ५ ला लागतं आणि देशातल्या देशात जाणारी बरीचशी विमानं १, २, ३ मधून सुटतात (४ नंबर तिथे नाहीच, शोधत बसू नका), मध्ये फुकटची छोटी ट्रेन आहे, ती पकडून दुसरीकडे जायचं. सगळं सुरळीत झालं, लाइन रिकामी मिळाली, बॅग पहिल्या पाचात आली, तर तरुण एकट्या माणसाला पावणेदोन तासांत जमतं, रोज कित्येकांना जमतं, म्हणून तर कंपन्या असं तिकीट विकतात. प्रत्येक विमानतळासाठी एक किमान वेळ ठरलेली असते, मिनिमम कनेक्शन टाइम म्हणतात, त्याच्या वर असलं की सिस्टिम तिकीट देते. ती वेळ धावू शकणाऱ्या, पाट्या वाचता येणाऱ्या, आधी एकदा जाऊन आलेल्या माणसाच्या हिशोबाची असते. पहिल्यांदा निघालेल्या ६६ आणि ६२ वर्षांच्या जोडीच्या हिशोबाची ती नाही.

मी हे पोटतिडकीने लिहितेय कारण आमच्याच घरात झालंय. मी भुसावळची, आणि काही वर्षांपूर्वी माझे सासू-सासरे दिराकडे निघाले तेव्हा असाच दोन तासांच्या आतला थांबा होता, स्वस्त म्हणून मीच त्यांना हो म्हणाले होते. इमिग्रेशनच्या ऑफिसरने सासऱ्यांना विचारलं कुठे राहणार, तर पत्ता दिराच्या मेसेजमध्ये आणि फोन बंद. सासूबाई आपल्या अहिराणीत सांगतायत, "मना पोऱ्या आठे ऱ्हास" (माझा मुलगा इथे राहतो), आणि समोरच्याला त्यातलं अक्षर कळत नाहीये. त्यांना आतल्या खोलीत बसवलं, तिथे फोन वापरू देत नाहीत. चौकशी साधीच होती, कोणी वाईट वागलं नाही, पत्ता मिळाला आणि सोडलं, पण दीड तास गेला आणि पुढचं विमान निघून गेलं. दुसरं सकाळचं मिळालं. ती रात्र दोघांनी खुर्चीवर काढली, सासूबाईंची बीपीची गोळी चेक-इन बॅगेत, आणि बॅग कुठे ते माहीत नाही. इकडे आम्ही भुसावळला रात्रभर फोनकडे बघत बसलेलो. चार-पाच हजार वाचवले होते आम्ही. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी वेळ मागते, मग भाडं.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, की चार-पाच तास बसून करायचं काय. नाना, तुम्ही बसणारच नाही आहात. त्यातले अडीच-तीन तास वरच्या कामात जातील, राहिले दीड-दोन, त्यात काकूंचं खाणं, औषध, तोंड धुणं, आणि लेकीला फोन. उलट थंडीच्या दिवसांत शिकागोला बर्फ पडला की पुढचीच विमानं उशिरा सुटतात, तेव्हा चार तासांचे सहा झाले तरी कपाळाला हात लावू नका.

एक गोष्ट मात्र जावयांना आजच विचारा. तिन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहेत ना? कधी कधी स्वस्तात पडतं म्हणून शिकागोपर्यंतचं एक तिकीट आणि तिथून कोलंबसचं वेगळं काढतात. एकाच तिकिटावर असेल आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं, त्या दिवशीच्या भावाने नवीन काढा. वेगळं तिकीट असेल तर चार तास चाळीस मिनिटंही मला कमीच वाटतात.

व्हीलचेअर. तुम्ही लिहिलंय की काकू "मी काय पांगळी आहे का" म्हणतात. त्यांना माझ्याकडून सांगा, व्हीलचेअर पायांसाठी आहेच पण त्याहून जास्त वाट दाखवणाऱ्या माणसासाठी आहे. ढकलणारा माणूस तुम्हाला विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, बॅगा, कस्टम, ट्रेन, सिक्युरिटी करत पुढच्या गेटपर्यंत नेतो, नाना तुम्ही फक्त सोबत चालायचं, पाट्या वाचायची गरज नाही. यासाठी वेगळे पैसे नाहीत, पण तिकिटासोबतच मागणी टाकावी लागते आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी कंपनीला फोन करून ती नोंद आहे ना हे खात्री करून घ्या. तिकडे त्या माणसाला पाच-दहा डॉलर टीप द्यायची पद्धत आहे, सुट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. आणि गेटवर सोडून तो निघून गेला की जागा सोडू नका, मात्र समोरच्या बोर्डवर गेट नंबर बदलला का ते दर अर्ध्या तासाने बघा, तिकडे गेट बरेचदा बदलतं.

आता ऑफिसरपुढचं. घाबरायचं काही नाही, व्हिसा तुम्हाला मिळालेला आहे. बोटांचे ठसे, फोटो, आणि चार प्रश्न: कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, सामानात खायचं काय आहे. लेकीने एक कागद इंग्रजीत टाइप करून पाठवावा, त्यावर तुमची नावं, लेक-जावयाचं नाव, पूर्ण पत्ता, दोघांचे फोन, परतीच्या विमानाची तारीख. त्याच्या दोन प्रिंट, एक तुमच्या खिशात, एक काकूंच्या पर्समध्ये, पासपोर्टला लावून. फोनवर ठेवू नका, फोनची बॅटरी अशाच वेळी संपते. इंग्रजी नाही जमलं तर "हिंदी" एवढं म्हणा, दुभाषा मागता येतो. दोघांनी एकत्र काउंटरला जायचं, कुटुंब म्हणून, वेगवेगळं उभं राहायचं नाही. आणि बाळंतपणाला आलोय हे खरं तेच सांगा, लेकीला भेटायला आणि नातवंड बघायला आलोय, पण "तिकडे काम करायला", "बाळ सांभाळायच्या कामाला" असले शब्द तोंडात नकोत, व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही आणि ऑफिसर शब्द धरतो. बाळाजवळ आजी बसणं वेगळं आणि काम वेगळं, तुम्हाला ते माहीत आहे, पण त्याला तुमच्या एका वाक्यावरून ठरवायचं असतं.

खाण्याचं. बाळंतिणीसाठी काकू काय काय बांधतील याचा मला अंदाज आहे. बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स, सुंठवड्याचं सामान. कोरडं, भाजलेलं, तळलेलं, नीट पॅक केलेलं बहुतेक जातं. पण ताजं फळ नाही, भाजी नाही, बी-बियाणं नाही, मटण-मांसाचं काही नाही. म्हणजे भरताची वांगी नाहीत आणि लेकीने कितीही म्हटलं तरी यावलची केळी नाहीत. घरचा तांदूळ नेऊ नका, धान्यात पडणाऱ्या खापरा भुंग्यामुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ नेण्यावर तिकडे बंदी आहे. ही झाली यादी, पण यादीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विचारलं की "हो, खायचं आहे" असं सांगायचं. सांगितल्यावर एखादी वस्तू फार तर काढून घेतील. लपवलं आणि मशीनमध्ये दिसलं तर शेकडो डॉलरचा दंड आणि तासभर उलटापालट, आणि तो तास परत तुमच्या थांब्यातूनच जातो. मी सासूबाईंच्या बॅगेत वर एक चिठ्ठी ठेवायचे, कुठल्या पुडीत काय आहे ते इंग्रजीत लिहून. मसाल्याच्या पिवळ्या-काळ्या पुड्या बघून कोणीही विचारेलच ना.

रोख दोघांची मिळून १० हजार डॉलरच्या वर असेल तर कागदावर जाहीर करावी लागते, तुमच्याकडे तेवढी नसेल. काकूंच्या पाटल्या-मंगळसूत्राचा मात्र विचार करा. परत येताना इकडच्या कस्टमला "हे इथूनच नेलं होतं" हे दाखवायला जाताना मुंबई विमानतळावर एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, त्याला वेळ लागतो. माझं मत विचाराल तर पाटल्या अमळनेरलाच लॉकरमध्ये ठेवा आणि रोजचं तेवढं घाला.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, प्रवासाच्या दुप्पट दिवसांची. चेक-इन बॅगांना घरच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधा, शिकागोच्या पट्ट्यावर एकसारख्या काळ्या बॅगांच्या रांगेतून तुम्हाला तुमची लांबून ओळखू येईल, नाहीतर प्रत्येक बॅग उलटी करून नाव वाचत बसाल. दोहाच्या दुकानातून अत्तर किंवा काही पातळ घेतलंत तर शिकागोला बॅगा जमा करायच्या आधी ते मोठ्या बॅगेत टाका, कारण पुढच्या सिक्युरिटीला १०० मिलीच्या वरचं पातळ सहसा हातात ठेवू देत नाहीत आणि तिथे ते टाकून द्यावं लागू शकतं.

इकडचा भाग. पत्रात लिहिलंय विमान "१२ तारखेला ४.०५". नाना, हे पहाटेचं ४.०५ आहे, माझ्या माहितीत या एका गोष्टीने जितक्या लोकांची विमानं चुकली तितकी कशानेच नाही. १२ची पहाट म्हणजे तुम्ही ११ तारखेला रात्री जेवून मुंबईजवळच्या नातेवाइकांच्या घरून निघायचं आणि साडेबारा-एकपर्यंत टर्मिनल २ ला पोचायचं, तीन तास आधी, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. मग अमळनेरहून १० तारखेच्या रात्रीची गाडी. ११ची गाडी धरून थेट विमानतळ असं करू नका. आपल्याकडून मुंबईला जाणारं कुठलंही साधन शेवटच्या दोन तासांत अडकतं, मनमाडच्या पुढे गाडी कुठे उभी राहील, कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की रस्ता किती तास बंद राहील, कोणी सांगू शकत नाही. तुम्हाला अमळनेरकरांना एक फायदा आहे, तुमची लाइन सुरतकडून जाते, त्या बाजूची गाडी मिळाली तर बोरिवलीला उतरा, तिथून विमानतळ जवळ आणि घाटाचा प्रश्नच नाही. जळगावहून आलात तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरा. आणि डोंबिवली-कल्याणला प्रत्येक खान्देशी माणसाचं कोणी ना कोणी असतंच, एक दिवस तिथे काढा, झोप घ्या. पुढे विमानातच चौदा-पंधरा तास सलग बसायचंय, काकूंचे पाय सुजतील, दर दोन तासांनी उठून चक्कर मारायला लावा.

टॅक्सीवाल्याला "टर्मिनल २, सहार" असं सांगा. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे, वेगळी इमारत, रस्त्याने बराच वळसा पडतो, मध्यरात्री चुकीच्या जागी उतरलात तर सामान घेऊन परत गाडी शोधायची. निघताना इमिग्रेशनला भरायचा तो छापील फॉर्म आठवून कोणी सांगितलं तर सोडून द्या, भारतीयांसाठी तो २०१७ पासून बंद आहे.

अजून एक पर्याय जावयांनी बघावा, भाव जमला तर. अबूधाबीमार्गे शिकागोला जाणारं एतिहादचं विमान घेतलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम अबूधाबीतच होऊन जातं, तिथे अमेरिकेचे ऑफिसर बसतात. मग शिकागोला तुम्ही देशातल्या प्रवाशासारखे उतरता, बॅग उचलायची नाही, लाइन नाही. फक्त मग लांब थांबा शिकागोऐवजी अबूधाबीला पाहिजे, किमान तीन तास, कारण सगळी लाइन तिकडे सरकली. म्हाताऱ्या माणसांसाठी मला हे जास्त आवडतं. कारण तिथे इमिग्रेशनच्या लाइनला उभं राहता तेव्हा पंधरा तासांचा थकवा अंगावर आलेला नसतो.

पत्राच्या शेवटी पुतण्याचं विचारलंय, स्वीडनला शिकायला चाललाय, फ्रँकफर्टला १ तास १० मिनिटं. त्याचं उलटं आहे. त्याचा पासपोर्ट फ्रँकफर्टलाच तपासला जाईल कारण शेंगेनमध्ये (आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट) तो तिथे पहिल्यांदा पाय ठेवतोय, पण बॅग थेट स्टॉकहोमला मिळेल, मध्ये उचलायची नाही. तरी १ तास १० मिनिटं मला कमी वाटतात, युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या बाहेरच्या प्रवाशांचे ठसे-फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, शिकायला जाणाऱ्याला ती लागू नसली तरी लाइन लांबू शकते. त्याने निदान अडीच तासांचं बघावं, पोरगा तरुण असला तरी.

आणि परतीचं आत्ताच ठरवून ठेवा. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम सगळं मुंबईतच होईल, त्यामुळे उतरायच्या वेळेनंतर पाच-सहा तासांच्या आतल्या गाडीचं रिझर्वेशन करू नका. विमान पहाटे उतरत असेल तर रात्रीच्या गाडीचं करा आणि दिवसभर पुन्हा त्याच डोंबिवलीच्या घरी झोपा. जावयांना तिकिटाचं सांगताना माझं हे सगळं वाचून दाखवा, २२ हजारांचं ते स्वतःच म्हणतील घ्या म्हणून.